चेंडू काखेतच राहिला

"घट्ट धर," लोरेटा म्हणाली. अर्लिसने अमेरिकन फुटबॉलचा लांबोडका चेंडू काखेत दाबला. तिने नवऱ्याच्या काखेतल्या चेंडूला खालून हलकीशी चापट मारली, आणि तो टपकन फरशीवर पडला.

भिंतीपलीकडे सारं स्टेडियम ओरडत होतं. सामन्याचं मध्यंतर नुकतंच झालं होतं.

"मी सांगते त्यांना, तब्येत बरी नाही म्हणून."

"खबरदार! अख्खी कारकीर्द चेंडू घेऊन धावलो, कधी हातचा सोडला नाही. त्याचाच तर सत्कार आहे. आणि मी रिकाम्या हाताने जाऊ?"

मानेवर खाल्लेल्या धडकांनी उजवी बोटं बधिर केली होती, डावा खांदा तर त्याहून गेलेला. हे फक्त लोरेटाला ठाऊक.

या संघाला एक मेली खोड होती. धावणारा गडी चेंडू घेऊन दिसला, की जेवणघर असो वा चर्चचं अंगण, ज्याने त्याने चेंडूला फटका हाणायचा. पडला, तर आठवडाभर तो उशाशी घेऊन झोपायची शिक्षा. अर्लिस पेटवेला ती एकदाही झाली नव्हती. आज मैदानात जुने गडी दुतर्फा उभे होते, आणि सगळ्यांचे हात शिवशिवत होते.

तो बाहेर पडला. जवळच्या सरोवरावरचा वारा झोंबत होता. पहिला फटका बसला. चेंडू घसरला, त्याने कोपराने कसाबसा बरगडीशी दाबला.

"सैल पडलास रे म्हाताऱ्या!" कुणीतरी खिदळलं.

दुसऱ्या फटक्यात चेंडू पार कोपराच्या टोकाला आला. पुढे टेड ग्रबोव्स्की उभा होता. अर्लिसला वाट करून देण्यासाठी पुढे धावून अंगावर धडका झेलणारा तो हाच. त्याने आपला भलामोठा पंजा उगारला. लोक उठून उभे राहिले.

टेडची नजर अर्लिसच्या बोटांवर गेली. ती चेंडूवर नुसतीच टेकली होती.

पंजा खाली आला, चेंडूच्या बुडाशी गेला आणि तिथेच थांबला.

"सोड," अर्लिस दातओठ खात पुटपुटला. "मला येतं धरायला."

"येतं की! कोण नाही म्हणतंय?" मग टेड लोकांकडे वळून ओरडला, "निघत नाही हो! खिळे ठोकलेत याने!"

हशा आणि टाळ्यांनी स्टेडियम दणाणलं. टेड चेंडू ओढायचं सोंग करत, धापा टाकत, त्याला खेटून चालू लागला. मैदानाच्या मधोमध माइक लावलेला होता. तिथे पोचल्यावर टेडने हात काढून घ्यायला सुरुवात केली.

अर्लिसने समोर बघत हळूच म्हटलं, "टेड, इतक्यात सोडू नकोस."