शौकत क्लॅरोनेटवाला

जुन्नरच्या कासम मास्तरांचा ब्यांड तसा बारा माणसांचा, पण लोक बोलवायचे ते एकट्या शौकतला. लग्न ठरलं की मुलीचा बाप भटजींकडे जायच्या आधी मास्तरांच्या दुकानात यायचा आणि विचारायचा, शौकत कोणत्या दिवशी मोकळा आहे? मग मुहूर्त त्या बेतानं निघायचा. ओतूर, मंचर, पार घोडेगावपर्यंत त्रेपन्न-चोपन्न साली हे असंच चाललं होतं. सिनेमातलं गाणं पुण्याहून येऊन पोचायच्या आत शौकतच्या क्लॅरोनेटवर बसलेलं असायचं, आणि मिरवणुकीत तो एखादा वरचा सूर असा धरून ठेवायचा की बैलगाडीतल्या म्हाताऱ्यासुद्धा पान चघळायच्या थांबायच्या.

सावळेराम त्याच ब्यांडात मोठा ढोल वाजवायचा. तो आपटाळ्याच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. घरी भाताची खाचरं आणि थोडी नाचणी. पाऊस संपला की तो जुन्नरला उतरायचा, लग्नसराई वाजवायचा आणि मिरगाला परत जायचा. शौकतचं घर कागद्यांचं. बाप-आजे हातानं कागद करायचे. तो धंदा बसला आणि पोरगं ब्यांडात आलं. मास्तरांनी दोघांना एकाच साली घेतलं होतं, म्हणून दोघांचं जमलं ते जमलंच. एका ताटात जेवायचे, एका सतरंजीवर झोपायचे.

शौकतला माणसांची भीती वाटते हे सावळेरामशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आधी ती नव्हती. नाव झाल्यावर आली. डिंगोऱ्याच्या एका लग्नात, चार गावची माणसं खास त्याला ऐकायला आली होती, तेव्हा हा मांडवामागं कडब्याच्या गंजीला टेकून ओकत बसलेला सावळेरामला सापडला.

"सगळी माझ्या तोंडाकडं बघतात," शौकत म्हणाला. "काल वाजवलं त्याच्यापेक्षा आज चांगलं पाहिजे त्यांना. उद्या त्याच्यापेक्षा. कुठवर आणू?"

सावळेरामकडं घरची मोहाची दारू होती, चालून पाय दुखले तर म्हणून आणलेली. त्यानं दोन घोट दिले. शौकतच्या बोटांतला गारठा गेला, आणि त्या दुपारी त्यानं जे वाजवलं ते पुढं कितीतरी वर्षं डिंगोऱ्यात लोक सांगत होते. सावळेरामला तर आपण पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं.

तिथून ते सुरू झालं. दारूबंदी होती, पण लग्नघरी शौकतसाठी कुठून ना कुठून बाटली निघायचीच. पावण्यारावळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की शौकतला घोट दिल्याशिवाय क्लॅरोनेट बोलत नाही. कुणी मानानं द्यायचं, कुणी गंमत म्हणून. जिथं काही मिळायचं नाही तिथं सावळेराम होताच. ढोलाच्या खोळीत त्यानं आतून एक कप्पा शिवून घेतला होता. नाक्यावरचे पोलीस ब्यांडवाल्यांची झडती घ्यायचे नाहीत, उलट एखादं गाणं वाजवा म्हणायचे.

दोन वर्षांत शौकत सकाळी उठल्याउठल्या खोळीकडं बघायला लागला.

एका शुक्रवारी शौकतची बायको हाजराबी दुकानात आली. मास्तर नमाजाला गेले होते. सावळेराम एकटाच ढोलाच्या दोऱ्या ताणत बसला होता. ती उंबऱ्याशी उभी राहिली.

"सावळेरामभाऊ, हे घरी वाजवत नाहीत आता," ती म्हणाली. "आधी रोज सकाळी वाजवायचे, मी भाकरी थापायची. आता क्लॅरोनेट पेटीतच असते. मशिदीत जात नाहीत, लोकांना वास येईल म्हणून. तुम्ही आणता ते मला ठाऊक आहे."

सावळेरामनं दोरी सोडली. खोटं बोलावं असं एकदा त्याच्या मनात आलं, पण बोलवेना.

"वहिनी, आता न्हाई आणणार."

"माझ्यासाठी नको. तुमचा दोस्त आहे, म्हणून."

ती गेली. सावळेरामनं शब्द दिला खरा, पण त्याला एक भलतीच भीती होती, आणि ती तो कुणाला सांगू शकत नव्हता. दारूशिवाय शौकतला वाजवता आलंच नाही तर? बारा घरच्या चुली त्या एका माणसाच्या फुंकरीवर पेटत होत्या. त्यात सावळेरामचीही एक होती.

वैशाखात आणे गावी लग्न निघालं. चांगदेव नावाच्या एका खात्यापित्या घरच्या माणसाच्या मुलाचं. पठारावरची सगळी माणसं लोटली होती. सकाळी नऊलाच ऊन चटके देत होतं. मारुतीच्या पारापासून नवरदेवाला वाजत मांडवात न्यायचं होतं. शौकत देवळाच्या मागं क्लॅरोनेट जुळवत होता, पण हात इतके थरथरत होते की तोंडाशी लावायची वेताची पत्ती दोनदा मातीत पडली.

"सावळ्या, आहे का?"

सावळेरामनं ढोलाची खोळ जवळ ओढली. बाटली खोळीत होती. शब्द दिला होता तरी त्यानं ती ठेवली होती, लागलीच तर म्हणून. त्यानं कासम मास्तरांकडं पाहिलं. मास्तर सत्तरीचे, पाच वेळा नमाज पढणारे, त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्यांनी शौकतच्या हातांकडं पाहिलं, पाराभोवतीच्या गर्दीकडं पाहिलं, आणि तोंड फिरवून टोपी नीट करत राहिले. सावळेराम काय समजायचं ते समजला. त्यानं बाटली काढली.

मिरवणूक निघाली. शौकतनं पहिलं गाणं असं उचललं की लोक शिट्ट्या मारायला लागले. अर्ध्या वाटेवर नवरदेवाच्या दोस्तांना चेव चढला. त्यांनी शौकतला उचलून खांद्यावर घेतलं. सावळेराम मागून ओरडला, "अरं, खाली ठेवा त्याला," पण त्याच्याच ढोलाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. शौकत वर डुलत होता, डोळे मिटलेले, क्लॅरोनेट तोंडात. तो वरचा सूर त्यानं धरला, आणि खालचा एक गडी ठेचकाळला.

तो पडला तो तोंडावरच. क्लॅरोनेट आधी जमिनीला लागली आणि मग तिचं टोक त्याच्या तोंडात घुसलं. सावळेराम गर्दी सारत पोचला तेव्हा वरचे पुढचे दोन दात मुळापाशी तुटले होते आणि ओठ फाटला होता. कुणीतरी टॉवेल दिला. त्याला एका घराच्या पायरीवर बसवलं.

मिरवणूक थांबली. चांगदेव माणूस वाईट नव्हता, पण मुलगा उन्हात घोड्यावर ताटकळला होता आणि मुहूर्त जवळ आला होता. तो म्हणाला, "मास्तर, झालं ते वाईट झालं. पण पुढं काहीतरी वाजवा."

मास्तरांनी हात वर केला. सावळेरामनं ढोलावर टिपरू मारलं. मिरवणूक हलली. पायरीवर टॉवेल तोंडात धरून बसलेल्या शौकतच्या पुढून सावळेराम ढोल वाजवत गेला. शौकत त्याच्याकडं बघत होता. त्या नजरेत राग असता तर सावळेरामला सोसला असता. पण तिथं काहीच नव्हतं.

जुन्नरच्या डॉक्टरांनी दातांची मुळं काढली. पुण्याला जाऊन कवळी बसवून आणली, पण फुंकर मारली की ती हलायची आणि सूर फाटायचा. क्लॅरोनेट वरच्या दातांवर टेकवून धरायची असते. टेकवायला दातच नाहीत म्हटल्यावर शौकतनं कवळी फडताळात ठेवून दिली आणि प्यायला बसला. आता कुणी मानानं देत नव्हतं. तो स्वतः मिळवत होता.

सावळेरामनं आणणं बंद केलं होतं. एकदा शौकत त्याला वाटेत गाठून म्हणाला, "तू पाजलीस तेव्हा ती औषध होती. आता माझ्यापासून काही मिळत नाही, तर विष झाली?"

सावळेराम म्हणाला, "तवाबी विषच व्हतं. मला ठावं व्हतं. तू चांगला वाजवायचास म्हणून मी गप बसलो."

शौकतनं त्याची गचांडी धरली. सावळेरामनं सोडवून घेतली नाही. मग शौकतचेच हात सुटले आणि तो रस्त्याच्या कडेला बसून रडला. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता, आणि वय होतं एकोणतीस.

दोन दिवसांनी हाजराबीनं त्याचं बोचकं बांधून दिलं. आठवडाभर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवून, अंगातली थरथर जरा उतरल्यावर, सावळेराम त्याला आपल्या गावी घेऊन गेला. ते गाव म्हणजे घरोघरी मोहाची काढणारं. लोकांनी सावळेरामला वेड्यात काढलं. पण त्याच्या आईनं, लंकाबाईनं, त्या साली वाळवून ठेवलेली मोहाची फुलं बैलांना घातली आणि भावकीला सांगितलं, "आमच्या घरात आजारी माणूस हाय. कुणी वास घिऊन येऊ नगा." तिच्या जिभेला सगळे भ्यायचे, म्हणून आले नाहीत.

त्या गावात शौकतला कुणी ओळखत नव्हतं. सावळ्याचा जुन्नरचा दोस्त, एवढंच. तो चिखलात आवणी करायला उतरला, एका दिवसात कंबर धरून बसला, बायका हसल्या, तोही हसला. एकदा तो दुसऱ्या वाडीला जाऊन पिऊन आला. लंकाबाईनं त्याला जेवायला वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. आणखी महिन्यानं तो परत गेला, आणि अर्ध्या वाटेतून माघारी आला. ते त्यानं सावळेरामला स्वतःहून सांगितलं.

भादव्यात त्यानं क्लॅरोनेट काढली. दात नव्हते, म्हणून वरचा ओठही आत दुमडून, दोन्ही ओठांत ती धरून बघितली. पहिले चार दिवस बदकासारखा आवाज निघाला. ओठ सोलवटले. पाच मिनिटं वाजवायचा, रक्त पुसायचा, पुन्हा पाच मिनिटं. सावळेराम खाचराच्या बांधावर त्याच्याजवळ बसून मांडीवर ठेका धरायचा. लंकाबाई म्हणाली, "बरं वाजिवतंय लेकरू. पर त्याला म्हणावं, मधी मधी दम खात जा."

दिवाळीपर्यंत सूर आला. पण तो जुना सूर नव्हता. धार गेली होती. वरच्या पट्टीत तो चढतच नव्हता. खालचे सूर मात्र आता जाड, मऊ निघायचे, घोंगडीसारखे.

सराईचं पहिलं लग्न अवसरी खुर्दला होतं. शौकत परत आला ही बातमी आधीच पोचली होती, आणि गर्दी लोटली होती. मुलीच्या मामानं शौकतला बाजूला घेतलं, उपरण्याखालून पेला पुढं केला. "घ्या राव. सकाळपासून जपून ठेवलीय तुमच्यासाठी."

शौकतचे हात कापत होते. सगळ्यांना दिसेल असे कापत होते. तो म्हणाला, "नको, मामा. असंच वाजवतो. कसं होईल ते सांगता येत नाही."

ते चांगलं झालं नाही. पहिल्याच गाण्याला दोन ठिकाणी सूर निसटला. मिरवणुकीच्या गलक्यात त्याचा मऊ आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढं जाईना. पोरं ओरडली, "वर घ्या, वर." एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "ह्यो शौकत न्हवं. त्येचा भाऊबिऊ आसंल." अर्धी माणसं मांडवात निघून गेली. सावळेराम खाली मान घालून वाजवत होता. वर बघायची हिंमत होत नव्हती. बघितलं तेव्हा शौकतचं तोंड घामानं निथळत होतं, पण तो थांबला नव्हता. चुकलेली जागा सोडून पुढचं गाणं धरत होता, साध्या माणसासारखा.

परतीच्या आधी मास्तरांनी त्याला बोलावलं. म्हणाले, "बेटा, पुढं कॉर्नेटवाल्याला उभा करतो. तू मागच्या रांगेत राहशील का? माझी जबरदस्ती नाही." मग खाली बघून म्हणाले, "आण्याला मी तोंड फिरवलं होतं."

"मला दिसलं होतं, चाचा," शौकत म्हणाला. "राहीन मी मागं."

त्या वर्षी शौकतचा दिवस विचारायला दुकानात कुणी आलं नाही. कामं निम्मी झाली, दोघं ब्यांड सोडून गेले, सावळेरामनं आणखी एक खाचर कसायला घेतलं. हाजराबीच्या घरातून सकाळी पुन्हा क्लॅरोनेट ऐकू यायला लागली, हे मात्र गल्लीतल्या लोकांनी त्याला सांगितलं.

त्या पहिल्या दिवशी अवसरीहून परतताना दोघे एस्टीच्या मागच्या बाकावर बसले होते. ऊन उतरत होतं. नारायणगाव येईपर्यंत शौकत खिडकीबाहेर बघत होता. सावळेराम काहीतरी बरं बोलावं म्हणून शब्द जुळवत होता.

"सावळ्या," शौकत अचानक म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस."

"विचार की."

"तुझा ढोल लई मागं पडतो रे. दर चौथ्या ठोक्याला. कायम असाच वाजवतोस?"

सावळेराम त्याच्याकडं वळला. "आठ वर्षं वाजिवतोय तुझ्या मागं. आज सांगतोस?"

"आज ऐकू आला," शौकत म्हणाला. "उद्या सकाळी ढोल घेऊन ये घरी. बसू जरा."