उजेडातली कणगी

पदू ठाकराने जन्मभर कणग्या विणल्या आणि त्यांतली एकही कधी धड उजेडात पाहिली नाही. भात साठवायची ही बांबूची कोठी माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच, पोटाला भरपूर रुंद. ती जिथे ठेवायची तिथेच, मालकाच्या घरात बसून विणायची, अशी बदलापूरकडची रीत. विणून झाली की घरातल्या बाया तिला आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून टाकत. मग पोटात भात, अंगावर शेण आणि कायमचा अंधारा कोपरा. पदूची वीण कशी असते हे कुणाला विचारायचंच झालं, तर उंदरांना विचारावं लागलं असतं.

पुढे अंबरनाथच्या एमआयडीसीतून रिकामी निळी पिंपं गावात येऊ लागली आणि लोक भात त्यांतच साठवू लागले. कित्येकांची शेतंच बिल्डरांकडे गेली. सुगीनंतर ठाकरांच्या वाडीवर यायची ती बोलावणी बंद झाली. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं पदू ज्याला-त्याला सांगत सुटे. न विचारता सांगे, म्हणून त्याची बायको पुतळी गालातल्या गालात हसे.

एक्क्याण्णव साली सुगी आटोपली आणि सगुणाबाई स्वतः वाडीवर आल्या. बदलापूर गावातल्या जुन्या आगरी घरातल्या या बाई, महिला मंडळाच्या पुढारी. पदूने त्यांच्या घरी कैक कणग्या विणलेल्या.

"पदूभाऊ, शाळेच्या पटांगणात मेळावा भरवतोय," त्या ओटीवर टेकत म्हणाल्या. "आपल्या हातचं जे जे हाय ते सगळं मांडायचं. तुजी कणगी मधोमध पायजे. लिंपायची नाय, तशीच उघडी."

"उघडी?" पदू म्हणाला.

"तर काय. लोकांना वीण दिसाया नको?"

त्या दिवशी पदू जेवताना दोनदा हसला. आपलं काम एकदा तरी चारचौघांत, उन्हात उभं राहील, लोक बघतील, ही गोष्ट त्याच्या मनाने घट्ट धरली. आता बोटं आखडत होती. ही शेवटचीच कणगी, हे त्यालाही कळत होतं.

त्याने रानातून बांबू निवडून आणला, कामट्या तासल्या आणि घरात मधोमध फतकल मारून कामाला लागला. पुतळी त्याला वळसा घालून चुलीकडे जाई आणि पुटपुटे. मधल्या पट्ट्यात त्याने हिरवी साल आणि पिवळा गाभा आलटून-पालटून घेतला, नक्षी धरली. ही नक्षी तो प्रत्येक कणगीत घालत आला होता आणि प्रत्येक वेळी तिच्यावर शेण बसलं होतं.

मेळाव्याच्या सकाळी सगुणाबाईंचा पुतण्या हरिचंद्र टेम्पो घेऊन आला. वाडीतले चार गडी पुढे झाले. कणगी उचलली, दारापाशी नेली आणि तिथेच अडली. आडवी केली, तिरपी केली, फिरवून पाहिली. कणगी दारापेक्षा चांगली हातभर रुंद.

मग एक गडी फिसकन हसला आणि सगळी वाडी हसू लागली. पदूने साऱ्या आयुष्यात कणगी घराबाहेर कधी काढलीच नव्हती. ती बाहेर जायची वस्तू आहे हे त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं. हात सवयीने घरात बसले आणि विणत सुटले.

पदूचा चेहरा पडला. "वरचा अर्धा भाग सोडवतो, म्हंजे कडेवर उभी धरून निघेल," तो म्हणाला आणि त्याने विळा घेतला. "अर्धी तर अर्धी."

हरिचंद्रालाही वाईट वाटलं. "नको रे बाबा. राहू दे. मी काकीला सांगतो कायतरी."

इतक्यात घराच्या मागून खाडखाड आवाज आला. पुतळी कोयत्याने कुडाचे बंध तोडत होती. कारवीची ती भिंत त्या दोघांनी मिळून विणलेली, दर दिवाळीला तिने स्वतः सारवलेली.

"अगं, घर मोडतेस का?" पदू धावला.

"कूड मोडते. घर कुठं मोडते?" ती हात न थांबवता म्हणाली. "कूड पुन्ना होईल. ही कणगी तुज्या हातून पुन्ना होनार हाय का? बघत काय उभा ऱ्हातोस, त्या बाजूचे बंध तोड."

पदूचे डोळे भरून आले. त्याने ते बाहीला पुसले आणि दुसऱ्या बाजूचे बंध तोडले.

कणगी मागच्या अंगाने उन्हात आली. पदूने तिच्याभोवती एक फेरी मारली, मग आणखी एक. आपलीच वीण तो परक्याची असल्यासारखी बघत होता. चांगली होती. खरंच चांगली होती.

पटांगणात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती, घावनं होती, कुंभाराची मडकी होती, गोधड्या होत्या. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आलेल्या सिंधी बाईंनी पापडांचे ढीग लावले होते. त्या आपले पापड सोडून कणगीपाशी आल्या, नक्षीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दादा, ये तुमने बनाया? हाथ से?" पदूने मान डोलावली. दिवसभर तो मानच डोलावत होता. माणसं येत, वाकून बघत, पोरांना दाखवत. ज्यांच्या घरात त्याच्याच कणग्या तीस वर्षं उभ्या होत्या, तीही म्हणत, "अरे, ही अशी असते होय?"

संध्याकाळी सगुणाबाईंनी टेम्पोत एक पोतं ठेवायला लावलं. "भांडं रिकामं परत धाडत नाय आपण," त्या म्हणाल्या. "ह्यात नवं भात हाय. ज्यांच्या घरी पदूभाऊनं कणगी विणली त्यांनी आपापलं बघा." ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेक जण घरी जाऊन सूपभर, टोपलीभर भात घेऊन आला. पदू नको-नको म्हणत राहिला. त्याने गावभर कणग्या विणल्या, पण त्याच्या घरात कधी कणगी नव्हती, कारण कणगीत ठेवण्याइतकं भात त्याच्याकडे कधीच नव्हतं. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. सगुणाबाईंना मात्र इतक्या वर्षांत ते दिसलं असावं.

"तुमचे लई उपकार, बाय," तो कसाबसा म्हणाला.

"कसले उपकार? तुज्या कणग्यांतलंच खाल्लं की आमी."

दुसऱ्या दिवशी कणगी आल्या वाटेने घरात गेली आणि सगळ्या वाडीने मिळून तिच्यामागे कूड उभा केला. पुतळीने शेणमाती कालवली. आत उतरून तिने कणगी आतून गुळगुळीत लिंपली, बाहेर आली आणि नक्षीवर पहिला हात फिरवणार, तोच पदूने तिचं मनगट धरलं.

"भाएरून नको."

"आनि कीड लागली म्हंजे?"

"मी बघीन. पन ही दिसू दे."

पुतळीने त्याच्याकडे पाहिलं, हातातला गोळा घमेल्यात परत टाकला आणि हात धुवायला गेली.