पाच बक्षिसांचा दुष्काळ

लातूर जिल्हा होऊन सव्वा वर्ष झालं होतं. रेवणसिद्धअप्पांच्या टॉकीजमध्ये बायकांच्या तिकीट खिडकीत पंचफुला बसायची. तिकिटं संपली की खिडकी लावून ती आत जायची आणि भिंतीला टेकून सिनेमा बघायची. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून बायका तिकीट मागण्याआधी तिलाच विचारायच्या, "कसा हाय?"

"हिरो पन्नाशीचा हाय अन् कॉलेजात जातोय. बघा तुमच्या जिवानं."

दोन-चार जणी परत फिरायच्या. अप्पा चिडायचे, पण तिनं चांगला म्हटलेल्या सिनेमाला बायकांची रांग रस्त्यापर्यंत जायची, म्हणून ते गप्प बसायचे.

त्या हिवाळ्यात मुंबईत बक्षिसं जाहीर झाली. बहात्तरच्या दुष्काळावरच्या एका मराठी सिनेमाला एकदम पाच मिळाली. अप्पांनी तो लगेच मागवला. पंचफुलाला आनंदच झाला, कारण त्याचा दिग्दर्शक दोन वर्षांपूर्वी अहमदपूरजवळ तिच्याच गावात तीन दिवस राहून गेला होता. केवळाबाईच्या ओसरीवर बसून त्यानं तिला सगळं विचारून घेतलं होतं. दुष्काळात पंचफुला आणि केवळाबाई एकाच सरकारी कामावर खडी फोडत होत्या. आठ दिवस पाण्याचा टँकर आला नाही, तेव्हा तहसीलदाराची जीप केवळाबाईनं अडवली होती.

पंचफुलानं तिला गावाहून मुद्दाम बोलावून घेतलं आणि शेजारी बसवलं.

पडद्यावर जीप आली. रस्त्यात उभा राहिला तो शहरातून शिकून आलेला पाटलाचा पोरगा. बायका मागे डोक्यावर पदर घेऊन रडत होत्या. पूर्ण सिनेमाभर त्या रडतच होत्या. एकही बाई हसली नाही, भांडली नाही, मुकादमाला कुणी शिवी दिली नाही. शेवटी आभाराच्या पाटीवर 'समस्त गावकरी' एवढंच आलं.

बाहेर आल्यावर केवळाबाईनं हळूच विचारलं, "पंचे, ती जीप मीच अडवली व्हती नव्हं?"

पंचफुलाच्या डोक्यात तिडीक गेली. जे या बाईनं भर उन्हात केलं, त्यावर आता तिचाच विश्वास उरला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी टॉकीजमध्येच दिग्दर्शकाचा सत्कार ठरला. कलेक्टर कचेरीतले साहेबलोक येणार होते. अप्पा म्हणाले, "तू बहात्तरला कामावर होतीस. हार घाल अन् दोन शब्द बोल. चांगले बोल."

"खरे बोलले तर चालंल का?"

"एकच की ते."

"एक न्हाई, अप्पा."

अप्पांना वाटलं, बाई चेष्टा करतेय.

तिनं हार घातला, माईक हातात घेतला.

"हा सिनेमा मी चार बारी बघितला. पहिल्या बारीला राग आला. मागच्या तीन बारी म्या नुसतं हुडकत व्हते, ह्यात केवळाबाई कुठं हाय. न्हाई सापडली. जीप तिनं अडवली. ह्या साहेबांना तिनं सोता सांगितलं, ह्यांनी वहीत लिहून घेतलं. तिच्या घरची भाकर खाल्ली अन् तिची जीप दुसऱ्याला दिली. पाच बक्षिसं भेटली, त्यातलं एक तरी चोरीचं हाय."

दिग्दर्शकानं हार काढून टेबलावर ठेवला.

"बाई, सिनेमाला नायक लागतो," तो म्हणाला. "एका म्हाताऱ्या बाईनं जीप अडवली हे कुणाला पटलं नसतं."

"ती तवा तिशीत व्हती. अन् कुणाला पटलं नसतं? आमाला पटलं असतं. बक्षीस देणाऱ्यांना न्हाई म्हना."

मागच्या बाकांवर कुणीतरी टाळी वाजवली. दिग्दर्शक चहाला न थांबता गाडीत जाऊन बसला.

अप्पांनी तिला आत बोलावलं. "माफीचं पत्र लिही. मी पाठवतो."

"न्हाई लिहिणार."

"मग खिडकीची किल्ली दे."

तिनं कमरेची किल्ली काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. सात वर्षं बसली होती तिथं.

वर्तमानपत्रात भांडणाची बातमी आली आणि पडेल वाटणारा सिनेमा आणखी दोन आठवडे भरून चालला. हे कळल्यावर तिला जास्त संताप आला. ती कारखान्यात डाळ निवडायला जाऊ लागली.

सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावी गेली. केवळाबाई शाबासकी देईल असं तिला वाटलं होतं. पण केवळाबाई भडकलीच.

"तुला कुनी सांगितलं व्हतं? माझं नाव भर सभेत घ्यायचं कारन काय? समदं गाव विचारतंय."

"मंग गप बसू का?"

"बसायचं व्हतं. तुझी नोकरी गेली ती काय म्या देऊ?"

मग केवळाबाईनं तोंड फिरवूनच विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"जीप तू अडवलीस म्हनून."

"अन् तू चाकाम्होरं आडवी पडली व्हतीस, ते?"

"ते न्हाई सांगितलं."

"मंग तू बी अर्धंच सांगितलंस," केवळाबाई म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली.