कुणालाही न सांगितलेली गोष्ट

म्बाह सुरोच्या ओसरीवर त्या शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत उतरला होता. आत धुपाचा इतका धूर कोंडला होता की धडधाकट माणूसही खोकू लागावा, आणि म्बाह नेमक्या खोकणाऱ्यांनाच पुढे बोलावत होता. म्हातारा म्हणून लोक त्याला म्बाह, आजोबा, म्हणायचे. नातवंडांना असं लुटणारा आजोबा रेत्नोनं दुसरा पाहिला नव्हता.

रेत्नो गावातल्या शाळेत शिकवायची. सगळे तिला ‘बू गुरू’ म्हणत; बू म्हणजे बाई. आज ती धाकट्या बहिणीमागे आली होती. निंग्रुमला क्षय झाला होता आणि सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या.

म्बाहनं तांदळाच्या वाडग्यात बोटं फिरवली, डोळे पांढरे केले.

“दिसतंय... केळ दिसतेय. परसातली. बुंध्याशी काहीतरी पुरलंय. फडकं. रक्ताचं फडकं.”

निंग्रुम हमसून रडायला लागली. बायकांनी तोंडावर हात घेतले.

“पोरी, छातीत भूत बसलंय तुझ्या,” म्बाह मधाळ आवाजात म्हणाला. “त्या गोळ्या म्हणजे त्याचा खाऊ. खाऊ बंद कर, भूत उपाशी मरेल.”

घरी येताच निंग्रुमनं गोळ्या चुलीत टाकल्या. रेत्नोचा संताप अनावर झाला.

“अगं, मध्येच सोडल्यास तर पुढे याच गोळ्या लागू पडायच्या नाहीत. नर्सबाईंनी बजावलंय ना?”

“नर्सबाईंना फडकं दिसलं होतं? म्बाहंना दिसलं, ताई. खोकल्यातून रक्त पडलं ते फडकं मी पुरलं, हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, तुला नाही.”

“कुणालाच नाही?”

“कुणालाच.”

बहीण खोटं बोलत नव्हती, हे रेत्नोला कळत होतं. पण म्हाताऱ्याला केळीखालचं दिसत असेल, तर गेल्या वर्षी त्याची स्वतःची म्हैस चोरीला गेली तेव्हा चोर का नाही दिसला? गोष्ट कुठून तरी त्याच्या कानावर जात होती. वाट शोधायची तर त्या वाटेवर काहीतरी सोडून बघायला हवं होतं.

तिनं तीन थापा रचल्या. चहाच्या टपरीवर ती म्हणाली, स्वप्नात पांढरा घोडा येतो. शाळेत सोडणाऱ्या मोटारसायकलवाल्याला म्हणाली, आईची अंगठी माझ्या हातून नदीत पडली. भाजीवाली सामिनाह, सगळ्यांची ‘यू’ म्हणजे ताई, स्कूटरला दोन्हीकडे बांबूच्या टोपल्या लावून गल्लीत थांबली, तेव्हा टेंपेच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्या निवडता निवडता म्हणाली, वडिलांची कट्यार मी शेळ्यांच्या गोठ्याखाली पुरलीय, मन खातं. प्रत्येकाला शेवटी सांगितलं, “कुणाला बोलू नका हं.”

पुढच्या शुक्रवारी रेत्नो स्वतःच वाडग्यासमोर बसली. निंग्रुम मागे होती. एव्हाना तिला ओसरीच्या पायऱ्या चढतानाही धाप लागत होती.

“बू गुरू,” म्बाह गोड हसला, “शिकलेल्यांनाही शेवटी इथंच यावं लागतं.” बोटं फिरली. डोळे पांढरे झाले. “गोठा... शेळ्यांचा. खाली कट्यार रडतेय. बापाची कट्यार.”

ओसरीवर कुजबुज पसरली.

“म्बाह, माझा बाप शिंपी होता,” रेत्नो म्हणाली. “आमच्या घरात हत्यार एकच, कात्री. आणि शेळ्या मी कधी पाळल्या नाहीत. ही कट्यार मी या आठवड्यात मनानं रचली आणि एकाच माणसाला सांगितली.”

गर्दीत मागे उभी असलेली सामिनाह चाचरत म्हणाली, “मला सांगितलीत, बू.”

“आणि यू, तू कुणाला?”

“म्बाहंना. फेरी यांच्या दारात संपते ना माझी. उरलेली भाजी घेतात, चहा पाजतात, गावाची खुशाली विचारतात. मला वाटलं, म्हातारं माणूस, मायेनं विचारतंय.” तिचे डोळे भरून आले होते.

“बायकांच्या चहाड्यांवर माझी विद्या तोलता?” म्बाह ओरडला. “शाप लागेल!”

रेत्नोनं त्याचा वाडगा चटईवर उपडा केला. एकेक दाणा ती लांब लांब ठेवत गेली. “हे सुती बूंचं स्वयंपाकघर. हे आमचं. हे मशिदीमागचं. ही घरं एकमेकांशी बोलतही नाहीत. पण सकाळी प्रत्येक घर हिच्याशी बोलतं.” मध्ये तिनं एक दाणा ठेवला आणि त्याला चिकटून रिकामा वाडगा पालथा घातला. “हा तिच्या शेवटच्या थांब्यावर बसलाय. भूत नको, विद्या नको. चहाचा कप पुरतो.”

“अगंबाई,” गर्दीतली सुती बू पुटपुटली, “सुनेचं मूल पडल्याचं मी हिलाच...”

“तुम्ही तर म्हणालात, कुणाला सांगितलं नाही,” शेजारीण म्हणाली.

“पण ही काय, भाजीवाली. हिला कोण मोजतं?”

निंग्रुम दाण्यांकडे बघत राहिली. तिनंही कांगकुंगच्या पालेभाजीची जुडी घेताना फडक्याचं बोलून टाकलं होतं, आणि ते बोलणं तिनंही मोजलं नव्हतं.

“आणखी एक ऐका,” रेत्नो म्हणाली. “त्या टोपल्यांभोवती आपण खांद्याला खांदा लावून उभ्या राहतो. बातमी फिरते त्याच वाटेनं खोकलाही फिरतो. माझ्या बहिणीच्या गोळ्या यानं चुलीत घालायला लावल्या. हिला काही झालं असतं तर हा म्हणाला असता, भूत जबर होतं. ज्याला तुमचं गुपित ठाऊक आहे त्याला तुमचा आजार कळतो असं नाही. तुमचं गुपित सांगणाऱ्याला आधी एवढंच विचारा, तुला कुणी सांगितलं?”

म्बाह धुपाटणं उचलून आत गेला. दार लावल्याचा आवाज आला. लोक चपला शोधू लागले. निंग्रुम बहिणीचा हात धरून थेट दवाखान्यात गेली आणि बोलणी खाऊन नव्या गोळ्या घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामिनाह आली ती खाली मान घालून. “मी आता कुणाचं काही बोलणार नाही,” ती म्हणाली. बायकाही गप्प भाजी निवडत होत्या.

निंग्रुम तोंडाला फडकं बांधून बाहेर आली आणि चार हात लांबच थांबली.

“यू, मला क्षय आहे,” ती मोठ्यानं म्हणाली. “गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. पुऱ्या होईस्तोवर घेणार. दवाखान्यात फुकट मिळतात, आणि खोकला जुना असेल त्यानं थुंकी तपासून घ्यावी.”

सामिनाहनं वर पाहिलं. “हे कुणाला सांगायचं नाही ना?”

“सांग ना,” निंग्रुम म्हणाली. “प्रत्येक दारात सांग.”

सामिनाहनं स्कूटर चालू केली. दुपारी रेत्नो शाळेतून परतली, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर सुती बू बसली होती आणि तिच्याशेजारी मान वळवून, तोंड लपवून, म्बाह सुरोचा मुलगा खोकत होता.