मावशीचं दूध

पंपाच्या बाटलीच्या तळाशी जमलेलं ते पिवळसर काहीतरी पहिल्या रेघेला टेकायच्या आतच थांबलं होतं. तिनं बाटली तिरकी केली. तिरकी केली की एका कडेनं ते रेघेपर्यंत चढल्यासारखं दिसायचं – दिसायचं फक्त; बांधकामाचे नकाशे काढण्यात जिची एवढी वर्षं गेली, तिला तिरक्या भांड्यातल्या पातळीचं कुणी समजावून सांगायला नको होतं – तरीपण ती बाटली तशीच धरून बसली, खिडकीच्या उजेडात, गाऊनची बटणं उघडी टाकून. भिंतीपलीकडे आईच्या मांडीवर तिची पोरगी रडत होती. रडता रडता आवाज चिरका होऊन मध्येच तुटायचा, आणि त्या तुटलेल्या जागेत तिला वाटायचं, थांबली… आता थांबली… की पुन्हा सुरू.

दुसरा आठवडा संपत आला होता. दूध येत नव्हतं असं नाही. छाती दगडासारखी व्हायची, ठणकायची, पण पोरीच्या तोंडात काही जायचं नाही. पोरगी टोकाशी चावल्यासारखं करायची, मान झटकायची, आणि मग तोंड फिरवून असा टाहो फोडायची, की जणू हिनं तिला चिमटाच काढलाय. शेवटी आई वाटी-चमचा घेऊन यायची. वरचं दूध. चमच्यानं पोरगी मुकाट प्यायची, ओठ चाटायची. म्हणजे भांडण दुधाशी नव्हतं, ते माझ्याशी होतं.

दवाखान्यातल्या जाड्या नर्सबाईंनी पहिल्या दिवशी तिची छाती मुठीत धरून, उशी अभ्र्यात कोंबावी तशी पोरीच्या तोंडात कोंबली होती. "लाजायचं नाही बाई, आता हे तुमचं राहिलं नाही," त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य तिच्या डोक्यात बसलं. माझं राहिलं नाही, आणि जिचं झालं तिला ते नकोय. कळा दिवसभर सोसल्या होत्या. श्वास कसा घ्यायचा, कधी सोडायचा, सगळं ती शिकून गेली होती, परीक्षेला जावं तसं. आणि एवढं करून संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, पोट उघडू या. डोळ्यांपुढे हिरवा पडदा, पडद्यापलीकडे कुणाचं तरी हसणं, भांड्यांचे आवाज, आणि मग "मुलगी!" – शेजारच्या घरात काहीतरी झाल्यासारखं. तिचं बाळंतपण पडद्यापलीकडे झालं. धाकट्या बहिणीचं म्हणजे… धाकटी दवाखान्याच्या दारात गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, म्हणत होती, अगं आलं, आलं! आणि खरंच आलं होतं. अजूनही ती गोष्ट घरात हसून सांगतात.

दाराची घंटा वाजली, आणि घंटेच्या पाठोपाठ तोच आवाज आला – धाकटीचा. ती नुसती आली असं कधीच होत नसे, ती घरात भरायची. कडेवर सहा महिन्यांचा गुटगुटीत लेक, खांद्याला पिशवी, केस कसेतरी वर बांधलेले आणि छातीवर दोन ओले गोल डाग, ज्यांची तिला ना लाज ना दखल.

"ताई, बघ ना, अर्ध्या रस्त्यात गळायला लागलं. नळ बिघडलाय माझा," ती हसत म्हणाली. "कशी आहेस? काय गं, किती सुकलीस!"

"बरी आहे," ती म्हणाली आणि बाटली गाऊनच्या घोळाआड सरकवली.

पोटात दुखायला लागलं होतं. टाक्यांचं दुखणं तिला आता ओळखू यायचं, ते खाली, आडवं असायचं. हे वर होतं. ह्या दुखण्याला ती वर्षानुवर्षं वेगवेगळी नावं देत आली होती – काळजी, शिस्त, मोठेपण. पोहायला दोघी एकदमच गेल्या होत्या. हिनं काठावर उभं राहून हातपाय कसे मारायचे ते नीट पाहून घेतलं. धाकटीनं नाक धरून उडी मारली आणि कुत्र्याच्या पिलासारखी पलीकडे गेली. हिला चांगले मार्क असायचे आणि धाकटीला मैत्रिणी. पुढे हिनं मूल व्हावं म्हणून चार डॉक्टर केले, आणि धाकटी एक दिवस तिच्या सलूनमधून फोन करून म्हणाली, "ताई, घोटाळा झाला गं, मला दिवस गेले!" घोटाळा! त्या दिवशी हिनं अभिनंदन केलं होतं, अगदी मनापासून केल्यासारखं, आणि फोन ठेवून नकाशावरची एक सरळ रेघ पुन्हा पुन्हा गिरवत बसली होती, कागद फाटेपर्यंत.

"जा, तू आंघोळ करून घे," आई दारातून म्हणाली. पोरगी तिच्या खांद्यावर हुंदके देत होती. "आम्ही आहोत दोघी. चार तांबे जास्त घे अंगावर, बरं वाटेल."

ती गेली. गरम पाणी छातीवरून जाताना ठणका वाढला आणि मग जरा बोथट झाला. पाण्याच्या आवाजातही रडणं ऐकू येत होतं. ते कानात होतं की घरात, हे तिला हल्ली सांगता यायचं नाही. म्हणून तिनं पाणी बंद केलं.

घर गप्प होतं.

अशी शांतता दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. आधी भीती वाटली – काही झालं तर नाही? – अंग नीट न पुसताच तिनं गाऊन अडकवला, भिंतीला धरत धरत बाहेर आली, आणि बैठकीच्या दाराशी थबकली. धाकटी खुर्चीत मागे रेलून बसली होती. तिच्या तळहातावर पोरीचं डोकं होतं. सलूनमध्ये गिऱ्हाइकाची मान केस धुवायच्या भांड्यावर टेकवताना ती जशी धरते, तसंच, सहज, जणू दिवसभरातलं हे कितवंतरी डोकं. आणि पोरगी पीत होती.

घुटुक… घुटुक… मध्ये नाकानं एक लहानसा श्वास… घुटुक. हा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. पोरीचा हात, जो हिच्याजवळ नेहमी मूठ आवळलेला असे, उघडा पडला होता, धाकटीच्या छातीवर, बोटं पसरून.

"ओरडू नकोस हं, ताई," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "फार रडत होती गं. मला राहवेना. आणि माझं इकडे वाया चाललेलं…"

"अगं, ओरडेल कशाला?" आई समोर बसून कौतुकानं बघत होती. तिच्या पायाशी सतरंजीवर धाकटीचा लेक चमचा चघळत पडला होता. "माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते काय उगीच? बघ, कशी पितेय गुलाम!"

आई हसली. आईला तसं काही म्हणायचं नव्हतं, आईला कधीच काही म्हणायचं नसतं. माय मरो. ती दाराला टेकून उभी राहिली. आभार मानायला हवेत, असं एक मन म्हणत होतं – पोर उपाशी होती, तिचं पोट भरतंय, अजून काय हवं? – आणि त्याच्याखालून दुसरं काहीतरी वर येत होतं, गरम, दात असलेलं. ओकून टाक, तिला वाटलं. ओकून टाक सगळं. तिच्या अंगावर ओक, रड, मान झटक, तशीच जशी माझ्याजवळ झटकतेस. पंधरा दिवसांच्या पोरीबद्दल… मी असा विचार करतेय? मी? हो, मीच, आणि मला लाज वाटत नाहीये, मला माझी पोर हवी आहे, तिचा तो उघडा हात मला माझ्यावर हवा आहे, धाकटीनं बाकी सगळं न्यावं, नेहमीसारखं, हे नको…

पोटावरून काहीतरी ओघळलं. आंघोळीचं पाणी असेल. पण ते गरम होतं, आणि थांबत नव्हतं. तिनं खाली पाहिलं. गाऊन दोन्हीकडून भिजत चालला होता. छातीत आतून हजार टाचण्या एकदम टोचून सैल झाल्यासारखं झालं, आणि जे पंपानं, गरम पाण्यानं, सगळ्यांच्या सल्ल्यांनी हललं नव्हतं, ते आपसूक वाहत होतं.

मायेनं पान्हा फुटतो म्हणतात. हा कशानं फुटला होता, ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"दे इकडे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"अगं, झोपली ती." धाकटीनं करंगळी घालून पोरीचं तोंड अलगद सोडवलं. ते तोंड उघडं राहिलं, कोपऱ्यात पांढरा थेंब. "टम्म झालीय. आता काय पिणार?" आणि मग तिचं लक्ष गाऊनकडे गेलं. "आई! बघ ताईला! ताई, अगं बस, बस खाली… वाया घालवू नकोस, एकदा उतरलंय तर ओढून घ्यायला हवं. थांब." आणि तिनं काही विचार न करता, तिच्या सगळ्या गोष्टींसारखंच, सतरंजीवरचा लेक उचलला. "ह्याला घे. हा पक्का आहे. ह्याला सगळं येतं."

नको, असं तिला म्हणायचं होतं. पण तो जड, उबदार गोळा मांडीत आला, आणि त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंड पार मोठं वासलं, खालचा ओठ बाहेर वळला, हनुवटी आधी टेकली आणि मग डोकं जरासं मागे – तिचे डोळे आपोआप कोन मोजू लागले – आणि त्यानं धरलं. दुखलं नाही. एवढंच? आपण पोरीचं डोकं पुढे ढकलत होतो, नाक दाबत होतो, ती तोंड उघडायच्या आधीच… इतकं साधं! तो ओढत होता, लयीत, आणि आतून सुटत होतं, एक एक गाठ. घुटुक… घुटुक… हा आवाज आता तिच्याकडून येत होता.

मध्येच त्यानं डोळे वर केले. तिच्याकडे बघून, न सोडता, तोंडाच्या कडेनं तो हसला.

"लबाड," आई म्हणाली. "मावशी आवडली वाटतं!"

धाकटी हसली. जरा उशिरा हसली. मग तिनं पोरीला पाळण्यात ठेवलं, खुर्चीवरचा टॉवेल घेतला, घडी घातली, मोडली, परत घातली. "बास हं, राजा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "ताई, पुरे आता. घरी गेल्यावर मग काही घेणार नाही तो."

"पिऊ दे की. भुकेला आहे."

"भुकेला कसला! निघताना पाजलंय मी त्याला."

त्या 'मी'वर आवाज किंचित घसरला होता. तिनं मान वर करून बहिणीकडे पाहिलं. ओठ दाबलेले, बोटं टॉवेलच्या कडेवर, नजर लेकाच्या तोंडावर खिळलेली. हा चेहरा तिनं धाकटीवर कधी पाहिला नव्हता, पण ओळखायला क्षणही लागला नाही. आतून तर तो तिला पाठच होता. म्हणजे तुझ्याकडेही आहे हे! लगेच सोडवायला हवं होतं. करंगळी घालायची, बस्स, आत्ताच तर पाहिलं होतं. तिनं सोडवलं नाही. अजून दोन घोट… अजून एक… आणि त्या एका-दोन घोटांत जी गोडी होती ती दुधाची नव्हती, लेकराची नव्हती, आणि तरी इतकी खरी, की तिला स्वतःचंच भय वाटलं.

मग तिनं तो परत दिला. धाकटीनं त्याला घट्ट धरलं, त्याच्या मानेत तोंड खुपसलं, पदराखाली झाकावं तसं दोन्ही हातांनी झाकलं. "येते गं," ती म्हणाली, दोघींकडेही न बघता. मग दारापाशी थांबली. "अवघडल्यासारखं झालं तर फोन कर. आणि… उशी घेत जा कोपराखाली." तिचे कान लाल झाले होते. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज नेहमीपेक्षा भरभर उतरत गेला. बोलवावं का तिला? काय म्हणून? कळलं मला, असं? ती खिडकीपर्यंत गेली आणि परत फिरली.

आई भांडी आवरायला आत गेली. ती पाळण्याशी बसली. पोरगी गाढ झोपली होती, गाल फुगलेले, आणि तिच्या टाळूला धाकटीच्या सलूनमधल्या शांपूचा वास येत होता. तिनं ओल्या फडक्यानं तो पुसायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. उठेल. उठू दे की… दोन आठवडे पोरीच्या रडण्याच्या नुसत्या विचारानं जिचे खांदे कानांपर्यंत जात होते, तीच आता कान देऊन बसली होती. रड गं. जरा भूक लागू दे. आता मला येतं – कुठून आलं ते विचारू नकोस, पण येतं. छाती पुन्हा भरत होती. ह्या खेपेला ती कशानं भरतेय, हे तिला सांगता आलं नसतं.

पोरीचे ओठ हलले. झोपेतच ती चोखू लागली, हळूहळू, लयीत. एक हात उघडला आणि हवेत कुणाला तरी शोधून खाली आला. ती वाकून बघत राहिली. स्वप्नात पोरगी कुणाला पीत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.