कडी लावलेलं नाणं

कोर्बिनियानने कपाटातलं कागदी पाकीट तळहातावर उलटं केलं. बाहेर पडलं ते भलतंच नाणं, झिजलेला क्रॉइत्सर.

"वाली! सोनाराकडे कुठलं पाकीट नेलंस?"

बायको आरशासमोर टोपी नीट करत होती. "टेबलावरचं. नाण्याला कडी लावून आणली, क्विरिनला दिलंसुद्धा. ओरडतोस काय? लेकीचं लग्न आहे आज!"

जावयाच्या कमरेच्या साखळीत सासऱ्याने दिलेलं चांदीचं एक जुनं नाणं अडकवायचं, ही गावची रीत. त्यासाठी हा क्रॉइत्सर काढून ठेवलेला. पण परवा जेवायची हाक आली तेव्हा तो भिंगाखाली दुसरंच नाणं बघत होता, आणि घाईघाईत क्रॉइत्सरचं पाकीट कपाटात गेलं, त्या नाण्याचं टेबलावर राहिलं. गाढव कुठला!

ते दुसरं नाणं म्हणजे रेगेन्सबुर्ग शहराचा अर्धा बात्सेन. चारशे वर्षांपूर्वीचा, नखाएवढा, पण त्यावर उमटवलेल्या दोन किल्ल्या अजून कोऱ्या करकरीत. अर्धं आयुष्य शोधल्यावर हाती लागलेला. कडेलाच धरायचं, नाण्यावरच्या चित्राला बोट लावायचं नाही, हा घरातला कायदा. आणि आता त्याला डाख देऊन कडी! नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी ते नाणं मेलंच.

पण परत मिळालं तर निदान घरात तरी राहील. क्विरिनला गुपचूप गाठून अदलाबदल करू, असं ठरवून त्याने क्रॉइत्सर खिशात टाकला.

चर्चमध्ये त्याला प्रार्थनेतलं अक्षर ऐकू आलं नाही. जावई हलला की नाणं साखळीत लटकणाऱ्या रानडुकराच्या सुळ्यावर आपटायचं, आणि हा मनात ओरखडे मोजायचा.

बाहेर पडताच त्याने जावयाची बाही धरली. "क्विरिन, जरा इकडे ये."

तेवढ्यात लेक झेन्झी आली. नवऱ्याच्या कमरेचं नाणं तिने मुठीत घेतलं. "बाबा, हे किल्ल्यांचं ना? लहानपणी नुसता हात लावला तर केवढा ओरडला होतास!"

"बाबा, हिने माझ्याशी पैज लावली होती," क्विरिन हसत म्हणाला. "म्हणे, तुम्ही कसलंतरी झिजलेलंच द्याल. हरली!"

झेन्झीही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते.

खिशातल्या क्रॉइत्सरभोवती कोर्बिनियानची मूठ घट्ट आवळली.

"झिजलेलं?" तो म्हणाला. आवाज जरा चिरकलाच. "माझ्या जावयाला?"

तिने नाणं त्याच्यापुढे धरलं. सवयीने त्याची दोन बोटं कडेकडे गेली आणि थांबली. मग त्याने अंगठा सरळ किल्ल्यांवर टेकवला, आणि दाबून धरला.