खिळ्यावरचा उष्टा नान

मी एक नान बोलतोय, आणि तोही उष्टा. लगेच नाक मुरडू नका. आमच्या उरगुत गावात घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की उंबऱ्यावर त्याच्यापुढे ताजा नान धरतात. त्याने एक घास चावून खायचा आणि निघायचं. उरलेला नान खिळ्याला टांगून ठेवायचा. त्याला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही. माणूस परत आलं की त्यानेच तो संपवायचा. अन्न माणसाला ओढून आणतं, असं इथले लोक म्हणतात. ओढायचं काम माझ्याकडे आहे. दहा महिने झाले, ओढतोय. माझ्यात बळ किती, ते माझं मलाच ठाऊक.

सओदत आजींनी मला अंगणातल्या तंदुरात भाजलं. पोटावर खिळ्यांच्या शिक्क्याने फुलासारखा ठसा उमटवला, वर काळे तीळ पेरले. आम्ही बारा भावंडं. अकरा जण दुपारपर्यंत संपले, कुणी चहाबरोबर, कुणी सुपात बुडून. मान मला मिळाला. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता. अक्कल नव्हती, दुसरं काय!

गेल्या सप्टेंबरात प्रवासाला निघाली होती घरची सून, मुनोजात. गावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. आता इस्तंबूलला एका थकलेल्या म्हातारीची शुश्रूषा करायला चालली होती. तिने माझा घास घेतला तो चांगला मोठा घेतला, जणू रात्रीपर्यंत पुरवायचा होता. मग थोरल्या लेकीपुढे, झेबिनिसोपुढे, ती गुडघ्यांवर बसली.

"मार्चात, नवरोजच्या सणाला परत येईन. आल्या आल्या सगळे ताश्कंदला जाऊ, त्या विज्ञानघरात. तिथे 'हात लावू नका' अशी पाटीच नाही, झेबी. उलट हात लावला नाही तर तिथली माणसं रागावतात."

"सगळ्याला हात लावायचा?"

"सगळ्याला. येते मी."

येते म्हणाली आणि गेली. मला जुन्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलं. तिकडे सगळ्याला हात लावायचा आणि इकडे मला कुणीच लावायचा नाही, अशी वाटणी झाली.

त्याच दुपारी एक गोष्ट घडली. ती मला आणि झेबिनिसोला सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. आजी तंदूर झाकायला गेल्या होत्या. नऊ वर्षांची ती पोर स्टुलावर चढली, फडकं बाजूला केलं आणि मला दुसऱ्या बाजूने एक बारीकसा चावा घेतला. तिचा वरचा एक दात नुकताच पडला होता, त्यामुळे चाव्याच्या मधोमध एक चोच राहिली. "आता मलाही न्यावं लागेल," असं ती माझ्या कानाशी म्हणाली. मला कान नाहीत, पण ती तसंच समजून बोलली. मला ते फार आवडलं.

चार-पाच दिवसांनी आजी शेजारणीला सांगत होत्या, "प्रवाशाच्या नानाला दुसऱ्याचा दात लागला की प्रवासी वाट चुकतो. माझ्या माहेरी घडलंय हे." झेबिनिसो तिथेच बसून गाजरं चिरत होती. तिचा हात थांबला. त्यानंतर ती माझ्याकडे मान वर करून बघेनाशी झाली. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, आणि माझ्याजवळ बोलायला तोंड नव्हतं. घरात एवढी माणसं असून दोघं एकाच गुपितापायी एकटे पडलो.

हिवाळ्यात माझ्या खिळ्यावर एक सोबती आला. वहीचं पान. त्यावर झेबिनिसोने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ताश्कंदची सहल, तारीख २२ मार्च. खाली यादी. सायकल मारून दिवा पेटवायचा. ज्या गोळ्याला हात लावला की केस उभे राहतात, त्याला हात लावायचा. दोन मोठ्या ताटल्यांपैकी एकीपाशी कुजबुजायचं, मग दालनाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. खिळ्यांच्या पलंगावर झोपायचं. हे शेवटचं वाचून मला हसू आलं. खिळे अंगावर कसे वाटतात ते पोरीने मला विचारायला हवं होतं.

बेत ठरवणं हे या घरात कामापेक्षा मोठं काम. बाप हमदम, छोट्या व्हॅनचा मालक, स्वभावाने गरीब. त्याने हिशेब केला की सात जागा आहेत आणि माणसं पाच. दुसऱ्याच दिवशी त्याची बहीण मुकद्दस आली आणि तिने आपली चार पोरं बेतात घुसवली. मग नवऱ्याला तरी घरी कशाला ठेवायचं, म्हणून त्यालाही.

"अगं, सात जागांत अकरा माणसं?" हमदम म्हणाला.

"पोरं काय, मांडीवर मावतात. गेल्या लग्नात बारा जण नव्हतो का बसलो?"

"त्या लग्नाहून घरी येताना स्प्रिंग तुटली होती."

"मग तुझी गाडीच कच्ची. पोरांना दोष देऊ नकोस!"

आजींना वेगळीच चिंता होती. वाटेत जिझाख लागतं आणि जिझाखला त्यांचा मावसभाऊ. "दारावरून गेलो आणि उतरलो नाही तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आई, तुम्ही उतरलात की मामा बकरं कापणार. बकरं कापलं की संध्याकाळ. विज्ञानघर पाचला बंद होतं."

"मग मी मान खाली घालून बसते. बघितलं नाही तर बघितलं नाही." एवढं ठरलं. आणि तासाभराने आजींनी सौजन्य म्हणून मावसभावालाच फोन केला, की आम्ही त्या दिवशी तुमच्याकडे उतरणार नाही आहोत, राग मानू नका. त्यावर मावसभावाने काय ऐकायचं ते ऐकलं आणि बकरं पोसायला घेतलं.

फेब्रुवारीत, चहाच्या किटलीला टेकवलेल्या फोनवर मुनोजात दिसली. म्हातारी पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. "अशा वेळी सोडून कशी येऊ? मे महिन्यात नक्की." हमदमने पानावरची तारीख खोडली, वर मे लिहिलं. झेबिनिसोने पानाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला की माझ्या अंगात होती नव्हती तेवढी ओलही आटली.

माझ्याखाली रोज नवे नान येत होते, वाफाळत, गप्पा मारत, आणि संध्याकाळी टोपली रिकामी. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे कबूल करतो. नानाचं सार्थक पोटात, भिंतीवर नव्हे. मी दगडासारखा टणक झालो. धाकटी ओयदिन, पाच वर्षांची, एकदा मला बोटाने टकटक करून म्हणाली, "आत कुणी आहे का?" आत होतं की. पण ओ देणार कोण?

मेच्या शेवटी शाळा सुटल्या त्या संध्याकाळी पुन्हा फोन किटलीला टेकला. मुनोजात आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बदलीची बाई मिळत नाहीये. सप्टेंबर होईल." हमदम उठला आणि पानावरची तारीख दुसऱ्यांदा खोडायला त्याने ते खिळ्यावरून ओढलं. त्याबरोबर मीही खाली आलो. फडकं सुटलं. आजींनी "अरे अरे" करत मला जमिनीवरून उचललं, कपाळाला लावलं, आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"हे दोन चावे कसे?"

हमदम वाकला. "उंदीर असेल."

"उंदराचा एक दात पडलाय का?" ओयदिनने विचारलं. पोर खरंच विचारत होती.

सगळ्यांनी झेबिनिसोकडे पाहिलं. ती भिंतीला चिकटली होती. मग जे नऊ महिने आत दाबलं होतं ते एकदम बाहेर पडलं. "मी चावला! माझ्यामुळेच आई येत नाहीये! म्हातारीचं हाडही माझ्यामुळेच मोडलं!" आणि ती अशी रडायला लागली की ओयदिनही न कळता रडू लागली.

फोन चालूच आहे हे सगळे विसरले होते. किटलीकडून आवाज आला, "झेबी, इकडे बघ. का चावलास तू?"

"मला वाटलं, जो चावतो तो जातो. मग मलाही न्यावं लागेल."

मुनोजातने तोंडावर हात ठेवला. मग शिक्षिकेच्या आवाजात समजावू लागली. "बाळा, बाई पडल्या कारण फरशी ओली होती. मी स्वतः पुसली होती ना ती. नानाचा आणि हाडाचा काहीएक संबंध नाही. विचार करून बघ." सगळं अगदी बरोबर होतं. झेबिनिसो मान हलवत होती आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

तेव्हा आजी बोलल्या. मला वाटलं होतं, आता पोरीला चापट बसणार. आजींनी मला मांडीवर घेतलं, माझ्या दोन्ही चाव्यांवरून अंगठा फिरवला आणि न्यायाधीशासारख्या म्हणाल्या, "संबंध आहे. पण तुला वाटतो तो नाही. नानाला प्रवासी दोन झाले. एक गेली. दुसरी नऊ महिने उंबऱ्यातच वाट अडवून उभी. मग पहिली आत येणार कुठून? आधी धाकट्या प्रवाशाला जाऊन येऊ दे. हमदम, कधी निघायचं?"

"पण आई, मुनोजातशिवाय?"

"मलाही यायचं होतं," मुनोजात म्हणाली. "ते सगळं मीच दाखवणार होते तुम्हांला." मग नाक पुसून, "जा. याच आठवड्यात जा. परत तारीख खोडू नका."

बेत चौघांचा झाला. मुकद्दस रुसली, ती अजून रुसलेलीच आहे. निघायच्या पहाटे आजींनी मला फडक्यातून काढून झेबिनिसोपुढे धरलं. "तुझा घास आधीच झालाय. नुसता हात लाव." तिने तळवा माझ्यावर ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने न घाबरता मला हात लावला. मग व्हॅनचा आवाज गेला आणि घर गप्प झालं.

इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. टोपली रिकामी, तंदूर गार, वहीचं पानही झेबिनिसो बरोबर घेऊन गेलेली. पहिल्या दिवशी माशीसुद्धा फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी ती मंडळी यायला हवी होती, तर आली नाहीत. नाही नाही ते मनात आलं. ओढायचं काम माझं होतं, आणि आता तर चौघांना एकदम ओढायचं होतं. खिळ्यावर टांगलेल्या वाळक्या नानाने जेवढं ओढावं तेवढं मी ओढलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आली. येताना जिझाखला बकऱ्याने पकडलं होतं. आजींनी हातपाय धुऊन मला खाली उतरवलं, पाण्याचा हबका मारला, तंदुरात क्षणभर धरलं. मी मऊ झालो! सप्टेंबरचा वास मला परत आला. नानाला सुरी लावत नाहीत; त्यांनी मला दोन्ही हातांनी मधोमध मोडलं. मोठ्या चाव्याचा अर्धा बाजूला ठेवला, चोचीच्या चाव्याचा झेबिनिसोला दिला. तिने पहिला घास खाल्ला, मग सगळ्यांना तुकडा तुकडा दिला. खाता खाता सगळे एकदम बोलत होते. ओयदिनचे केस म्हणे साळिंदरासारखे उभे राहिले. आजी खिळ्यांच्या पलंगावर झोपून "माझ्या गादीपेक्षा बरा" म्हणाल्या. हमदमने सायकल मारून दिवा पेटवला आणि खाली उतरायलाच तयार होईना.

आणि त्या ताटल्या. झेबिनिसो एकीपाशी उभी राहिली. पलीकडच्या ताटलीपाशी कुणी उभं राहायचं? यादीत तिथे 'आई' असं लिहिलेलं. तेव्हा आजींनी हमदमकडून मुनोजातला फोन लावून घेतला, आणि स्वतः दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तो त्या ताटलीपुढे धरून उभ्या राहिल्या. हात दुखला तरी हलल्या नाहीत. झेबिनिसो एवढंच कुजबुजली, "आई, मी घरी परत जातेय. आता वाट मोकळी आहे." तिकडून आलं, "ऐकू आलं. अगदी कानाशी."

हे ऐकत ऐकत मी अर्धा संपलो. सांगतो तुम्हांला, त्याच्यासारखं सुख नाही.

उरलेला अर्धा मी पुन्हा खिळ्यावर आहे. फडकं तेच. शेजारी नवं पान आलंय, त्यावर तारीख नाही. फक्त यादी आहे आणि वर लिहिलंय, 'आईला दाखवायच्या गोष्टी'. झेबिनिसो आता येता-जाता माझ्याकडे बघते, कधी फडक्यावरून थोपटते. तरी एकटेपण आहेच. पूर्वी अंगावर दोन चावे होते, आता एकच उरलाय.

मुनोजात, तुझी जागा मी राखून ठेवली आहे. टणक झालोय, पण बुरशी लागू दिली नाही. तुझे दात जिथून उठले तिथूनच पुन्हा सुरुवात कर, घास लहान घेतलास तरी चालेल. सप्टेंबर तर सप्टेंबर. 'येते' म्हणून गेलीस, ते मी ऐकलंय. आता या दारात उभी राहून एकदा 'आले' म्हण.